रथ अडवणारा कीटक
चिनी ‘तांगलांग’ मुष्टिविद्येची दंतकथा, कागद आणि हात

पावसाळा ओसरून आश्विनातली उन्हे पडू लागली की अंगणातल्या झुडपांवर एक हिरवा, काडीसारखा किडा दिसू लागतो. पुढचे दोन पाय छातीशी जोडून तो तासन्‌तास स्तब्ध बसतो. त्याच्या या बसण्यामुळे त्याला प्रार्थनाकीटक म्हणतात. प्रत्यक्षात तो दबा धरून बसलेला असतो. माशी टप्प्यात आली की डोळ्याचे पाते लवायच्या आत ते काटेरी पाय पुढे झेपावतात, चाकूच्या पात्यासारखे मिटतात आणि माशी आत अडकते. आपण जवळ गेलो तर हा किडा पळत नाही. मान वळवून आपल्याकडे पाहतो आणि पाय उगारतो.

या उगारलेल्या पायांकडे चिनी माणसाने दोन हजार वर्षांहून अधिक काळ पाहिले आहे, आणि दोन अगदी विरुद्ध अर्थ काढले आहेत. च्वांगत्सूच्या ग्रंथात हा कीटक रथाच्या चाकापुढे हात उगारून उभा राहतो आणि स्वतःच्या ताकदीची कल्पना नसल्यामुळे चिरडला जातो. चिनी भाषेत आजही आवाक्याबाहेरच्या शत्रूशी झुंजणाऱ्या मूर्खाला ही उपमा देतात. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील ग्रंथांत मात्र तीच गोष्ट वेगळ्या शेवटासह येते. छी नावाच्या राज्याचा अधिपती शिकारीला निघाला असता हा कीटक त्याच्या रथाला आडवा आला. सारथ्याने सांगितले की याला पुढे जाणे तेवढे ठाऊक आहे, मागे हटणे नाही. त्यावर राजा म्हणाला की हा माणूस असता तर जगातला शूर योद्धा ठरला असता, आणि त्याने रथ वळवून घेतला. ही वार्ता पसरल्यावर शूर माणसे त्या राजाकडे आपण होऊन आली, असे गोष्ट सांगते.

हे छी राज्य म्हणजे आजच्या चीनच्या पूर्व किनाऱ्यावरचा शांदोंग प्रांत. ज्या भूमीतल्या राजाने या कीटकासाठी रथ वळवला, त्याच भूमीत पुढे त्याच्या नावाची मुष्टिविद्या उभी राहिली. चिनी भाषेत ‘तांगलांग’ म्हणजे हा कीटक आणि ‘छ्वान’ म्हणजे मूठ, म्हणून ती विद्या ‘तांगलांग छ्वान’. वाघ, बगळा, माकड, साप, गरुड यांच्या नावाच्या चिनी मुष्टिविद्या पुष्कळ आहेत. पण वाघाचे नाव घेणाऱ्याला वाघाचे बळ हवे असते हे समजण्यासारखे आहे. बोटभर किड्याकडून माणसाने लढायला शिकावे, यात वेगळे काहीतरी आहे. ते काय आहे, हे शोधण्याचा हा प्रयत्न.

वांग लांगची गोष्ट

या विद्येच्या प्रत्येक घराण्यात मूळपुरुषाची गोष्ट सांगतात. तपशील बदलतात, गाभा तोच राहतो. वांग लांग नावाचा एक तरुण मुष्टियोद्धा होता. एका वरचढ प्रतिस्पर्ध्याकडून तो पुन्हा पुन्हा हरला. काही सांगतात की हे शाओलिन मठात घडले, काही सांगतात की लाओशान पर्वतावरच्या ताओपंथी मठाजवळ. हरलेला वांग लांग खिन्न होऊन झाडाखाली बसला असताना त्याला वर किरकिर ऐकू आली. एका प्रार्थनाकीटकाने सिकाडाला धरले होते. सिकाडा म्हणजे झाडावर बसून कर्कश किर्र आवाज करणारा जाडजूड कीटक. पकडणारा त्याच्यापेक्षा सडपातळ, तरी सिकाडाची सुटका होईना.

वांग लांगने तो कीटक घरी आणला. गवताची काडी घेऊन तो त्याला रोज डिवचू लागला. काडी डावीकडून आली तर तो काय करतो, वरून आली तर काय करतो, हे त्याने टिपून ठेवले. त्यातून हातांच्या हालचाली बांधल्या. तरीही काही उणे राहिले, कारण कीटकाला पदन्यास नसतो. तेव्हा त्याने माकडाच्या चपळ उड्या पाहिल्या आणि पाय तिथून घेतले. हात कीटकाचे, पाय माकडाचे. मग तो परत गेला आणि ज्याच्याकडून हरला होता त्याला त्याने हरवले.

गोष्ट सुबक आहे. हरणे, पाहणे, प्रयोग करणे, कमी पडले तिथे दुसरीकडून घेणे आणि परत जाणे, असे तिचे पाच टप्पे पडतात. कोणत्याही विद्येचा अभ्यासक्रम याहून वेगळा नसतो. पण हा वांग लांग केव्हाचा? कोणी त्याला सोंग राजवटीत ठेवतात, म्हणजे दहाव्या ते तेराव्या शतकात. कोणी मिंग राजवटीच्या अखेरीस, म्हणजे सतराव्या शतकात. दोन तारखांमधले अंतर काही शतकांचे आहे. ज्या माणसाला इतक्या शतकांत कुठेही बसवता येते, तो इतिहासापेक्षा पुराणाच्या अधिक जवळचा असतो.

कागद काय सांगतात

सोळाव्या शतकात याच किनाऱ्यावर एक मोठा सेनानी होऊन गेला. त्याचे नाव छी जीग्वांग. त्याच्या घराण्याकडे शांदोंगच्या उत्तर किनाऱ्यावरच्या दंगजौ, म्हणजे आजच्या फंगलाय, येथील वंशपरंपरागत लष्करी अधिकार होता. समुद्री चाच्यांविरुद्धच्या मोहिमांच्या काळात, सुमारे १५६० मध्ये, त्याने सैन्याच्या शिक्षणावर ‘जीश्याओ शिनशू’ हा ग्रंथ लिहिला. त्यात मुष्टिविद्येवर एक प्रकरण आहे. मोठ्या लढाईत नुसत्या मुठीचा फारसा उपयोग नसतो, पण नवशिक्याचे हातपाय मोकळे करायला ती चांगली, असे त्याचे रोखठोक मत होते. त्याने आपल्या काळच्या मुष्टिप्रकारांची यादी दिली आहे. त्यात सोंग वंशाच्या संस्थापकाच्या नावाची ‘लांब मूठ’ आहे, माकडमूठ आहे, ‘गरुडनखी’ म्हणून ओळखला जाणारा एक पकडबहाद्दर आहे. तांगलांग नाही.

एखाद्या यादीत नाव नाही म्हणून ती गोष्ट अस्तित्वातच नव्हती, असे ठामपणे म्हणता येत नाही. पण यादी करणारा त्याच मुलखाशी बांधलेला, मुष्टिविद्येचा जाणकार आणि नावे गोळा करण्याची आवड असलेला. त्याला जवळपासची एखादी नामांकित विद्या ठाऊक नसावी, हे पटत नाही. सोंग काळातला वांग लांग इथेच डळमळू लागतो.

छी जीग्वांगच्या त्या यादीत आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. एकाच्या लाथा चांगल्या, दुसऱ्याची पकड चांगली, तिसऱ्याचे पाडणे चांगले, चौथ्याचे ठोसे चांगले, असे सांगून तो म्हणतो की प्रत्येकाकडे एकच बाजू आहे. सगळ्या बाजू एकत्र केल्या तर कुठूनही हार होणार नाही. आता तांगलांग घराण्यांत जपलेली ‘अठरा आचार्यांची’ यादी पाहा. तिच्यात अठरा जणांची नावे आणि प्रत्येकाची एकेक खासियत दिली आहे. आरंभी सोंग वंशाचा संस्थापक आणि त्याची लांब मूठ. पुढे त्याच्याच काळात, ९६० मध्ये, मारला गेलेला सेनापती हान तोंग. यादीत यान छिंग आहे आणि त्याचे चिकटून पाडण्याचे कौशल्य आहे, लिन छोंग आहे आणि त्याच्या जोडलाथा आहेत. अखेरीस वांग लांग येतो, सर्वांचे सार घेऊन.

चिनी साहित्याशी थोडी ओळख असलेला वाचक इथे थांबेल. यान छिंग आणि लिन छोंग ही ‘शुई-हू-जुआन’ या प्रसिद्ध कादंबरीतल्या बंडखोर वीरांची नावे आहेत. म्हणजे अठरा आचार्यांच्या या सभेत राजे, सेनापती आणि कादंबरीतली पात्रे एका ओळीत बसली आहेत. अशी सभा प्रत्यक्षात भरली असणे शक्य नाही. छी जीग्वांगने जो सल्ला सूत्ररूपाने दिला, त्याला या यादीने माणसांची नावे दिली, असे मला वाटते. ‘सगळ्यांकडून घ्या’ हे वाक्य विसरले जाते. अठरा नावे मात्र पाठ होतात.

ही यादी असलेल्या एका हस्तलिखिताच्या प्रती शांदोंगमध्ये फिरत होत्या. त्यावर छ्यानलुंग बादशहाच्या सत्ताविसाव्या वर्षाची, म्हणजे १७६२ ची, तारीख आढळते आणि शीर्षकात शाओलिनचा वारसा सांगितलेला आहे. शाओलिनचे नाव लावणे ही त्या काळची रीतच होती. आपल्याकडे अजूनही छातीठोकपणे सांगितले जाते की भारतातून गेलेल्या बोधिधर्माने शाओलिनच्या भिक्षूंना युद्धकला शिकवली. चिनी युद्धकलांच्या इतिहासाचा पहिला चिकित्सक अभ्यासक तांग हाओ याने १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या समजुतीला आधार नसल्याचे दाखवले. बोधिधर्माच्या नावावरचा व्यायामग्रंथ सतराव्या शतकातला निघाला. आपल्या देशाचा गौरव कमी झाला म्हणून वाईट वाटण्याचे कारण नाही. मूळ जितके दूरचे आणि जितके पवित्र, तितकी विद्या मोठी, ही हाव तिकडची आणि इकडची सारखीच आहे.

मग भरवशाचा धागा कुठून सुरू होतो? शांदोंग द्वीपकल्पावरच्या लाययांग परगण्यातून. तिथल्या परंपरेत ली बिंगश्याओ, त्याचा शिष्य जाओ जू आणि त्याचा शिष्य ल्यांग श्वेश्यांग अशी साखळी सांगितली जाते. ल्यांग हा एकोणिसाव्या शतकातला. व्यापाऱ्यांचा माल आणि पैसा रस्त्याने सुखरूप पोहोचवणाऱ्या सशस्त्र रखवालदारांचा धंदा त्याने केला आणि उतारवयात शिष्य घडवले. त्याच्या हाताखालून ही विद्या एका घराबाहेर पडली आणि पुढच्या पिढीत ज्यांग ह्वालोंगसारख्यांनी ती पसरवली. म्हणजे जिचा मूळपुरुष हजार वर्षांपूर्वीचा सांगतात, तिचा हाताला लागणारा इतिहास दोन-अडीच शतकांचा आहे. तो मठात घडलेला नाही. शेतकरी, रखवालदार आणि बंदरगावांतले व्यापारी यांच्या अंगणात घडला आहे.

हाताची आकडी

आता प्रत्यक्ष विद्येकडे येऊ. तांगलांगची ओळख म्हणजे तिची आकडी. मनगट वाकवायचे, अंगठा आणि तर्जनी पुढे जुळवायची, उरलेली बोटे आत वळवायची. चित्रात हे कीटकाच्या पायासारखे दिसते आणि पाहणाऱ्याला वाटते की या टोकाने टोचायचे असेल. क्वचित टोचतातही. पण आकडीचे मुख्य काम आत वळवलेल्या बोटांत आणि वाकलेल्या मनगटात आहे. येणारा हात त्या वळणात अडकतो आणि खाली ओढला जातो.

सर्वांत मूलभूत क्रम तीन शब्दांचा आहे: गौ, लौ, दा. समजा समोरच्याचा ठोसा आला. आपल्या एका हाताने त्याच्या मनगटाला बाहेरून आकडी घातली, हे गौ. लगेच दुसऱ्या हाताने त्याच्या कोपराजवळ धरून तो हात आपल्याकडे ओढून घेतला, हे लौ. आता पहिला हात मोकळा झाला. तोच पुढे जाऊन तोंडावर बसला, हे दा. तिन्ही क्रिया सांगायला वेळ लागतो, करायला एक श्वासही लागत नाही. ठोसा अडवणे आणि ठोसा मारणे या दोन वेगळ्या गोष्टी इथे उरत नाहीत. समोरच्याचा हात हीच त्याच्यापर्यंत जाणारी वाट होते. तोल जाऊन तो पुढे येत असतानाच आपली मूठ त्याला भेटते.

या विद्येचे सार बारा शब्दांत सांगतात. शब्दांचा क्रम आणि एखाददुसरा शब्द घराण्यागणिक बदलतो, पण साधारणपणे ते असे: आकडी घालणे, ओढून घेणे, खुडणे, वर टांगणे, चलाखीने मनगट धरणे, आत शिरणे, उसळून फोडणे, मारणे, आणि मग स्पर्श करणे, चिकटणे, बिलगणे, रेलणे. शेवटचे चार शब्द नीट पाहिले तर ते जवळिकीच्या चार पायऱ्या आहेत. हात हाताला लागतो, मग सुटत नाही, मग अंग अंगाला भिडते, मग आपला भार त्याच्यावर जातो. डोळ्यांनी पाहून ठरवण्याइतका वेळ या अंतरावर नसतो. समोरचा कुठे जोर लावतो आहे ते कातडीला कळावे लागते.

आणि इथेच एक गंमत लक्षात येते. या बारांपैकी पहिले तीन-चार शब्द कीटकाचे आहेत. चिकटणे, बिलगणे, रेलणे यांत कीटक कुठेच नाही. पाय तर दंतकथेनेच माकडाला देऊन टाकले आहेत. कोपर, गुडघा आणि खांदा यांच्या मारांना कीटकाशी काही देणेघेणे नाही. ‘आठ कोपरे’ नावाची एक सबंध कवायत या घराण्यांत आहे. प्राण्याने दिला तो फक्त दरवाजा. घर माणसांनी बांधले.

मराठी वाचकाला हे समजायला परदेशी जाण्याची गरज नाही. आपल्या तांबड्या मातीत ‘धोबीपछाड’ नावाचा डाव आहे. समोरच्याचा हात खांद्यावर ओढून घेऊन त्याला पाठीवरून आपटायचे, धोबी दगडावर कपडे आपटतो तसे. वस्तादाने ‘धोबी मार’ म्हटले की पठ्ठ्याला हात कुठे धरायचा, पाठ कशी फिरवायची, कंबर कुठे घालायची हे एका शब्दात आठवते. डाव मारताना कोणी धोबी होत नाही आणि प्रेक्षकांनाही त्यात धोबी शोधावासा वाटत नाही. नाव ही आठवणीची गाठ असते. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांनी अवघड देहज्ञान पुढच्या पिढीला द्यायचे तर ते चित्रात बांधावे लागते. तांगलांगमधला कीटक अशी गाठ आहे. रखवालदाराच्या मुलाला कोनांचे आणि तरफेचे शास्त्र सांगता येत नव्हते. झुडपावरचा किडा मात्र त्याने पाहिलेला होता.

एक नाव, अनेक घरे

विद्या पसरली तशा तिला फांद्या फुटल्या. त्यांची नावे काव्यमय आहेत, पण प्रत्येक नावामागे शिकवण्याची एक वेगळी पद्धत आहे.

‘सप्ततारका’ शाखेला चिनी भाषेत छीशिंग म्हणतात. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो तेच हे सात तारे. या शाखेत पुढचे पाऊल टाचेवर टेकवून चवडा वर उचललेली एक उभी ठेवण आहे. त्या पायाने समोरच्याचा घोटा अडकवता येतो. डोके, खांदा, कोपर, मूठ, नितंब, गुडघा आणि पाऊल ही लढणारी सात अंगे म्हणजेच सात तारे, असाही अर्थ लावतात. यानताईजवळच्या वांग रोंगशंगकडून ही शाखा फान शूदोंगकडे आली. फान त्याच्या अवाढव्य देहासाठी ओळखला जाई. बोटभर किड्याची विद्या अशा धिप्पाड माणसाने शिकवावी, यातच ती नक्कल नसल्याचा पुरावा आहे.

‘मेह्वा’ शाखेचे नाव पाच पाकळ्यांच्या आलुबुखाराच्या फुलावरून आले. तिथे वार झुबक्याने येतात, एकामागून एक, फुलावर फूल. लाययांगच्या साखळीतल्या हाओ घराण्याने ही परंपरा वाढवली. ‘आठ पावले’ शाखेने इतर विद्यांतला पदन्यास घेऊन अंतर झपाट्याने तोडण्यावर भर दिला.

सर्वांत वेगळी शाखा ‘सहा मेळां’ची, ल्यूह. मन, संकल्प आणि श्वासशक्ती यांचा आतला मेळ, हात-पाय, कोपर-गुडघा, खांदा-नितंब यांचा बाहेरचा मेळ. हिच्या परंपरेत वेई दलिन नावाचा माणूस येतो. बोटांमध्ये पडदा असल्यामुळे त्याला ‘बदकपंजा’ म्हणत. त्याच्याकडून लिन शीछुन आणि पुढे हुआंगश्यान गावचा दिंग त्सीछंग अशी ही विद्या आली. या शाखेत आकडी जवळजवळ दिसतच नाही. हात मोकळा, मऊ राहतो आणि अडकवण्याची क्रिया मनगटात लपते. कीटकाच्या नावाची विद्या आणि कीटक अदृश्य! पण तिचे अनुयायी सांगतात की क्रिया पक्की झाली की आकार गळून पडतो. गाठ सोडली तरी आठवण राहते.

याच्या उलट उदाहरण दक्षिणेत आहे. ग्वांगदोंग प्रांतातल्या हाक्का समाजात ‘दक्षिणी तांगलांग’ नावाची विद्या आहे. लाऊ सोई नावाच्या गुरूने ती विसाव्या शतकात हाँगकाँगमध्ये रुजवली. नाव तेच, पण शांदोंगच्या विद्येशी नाते काही नाही. पाय आखूड, कोपरे आत, तर्जनीचे मधले पेर पुढे काढलेली मूठ आणि अगदी जवळून बसणारा झटका. दोन वेगळ्या समाजांनी एकाच किड्याकडे पाहिले आणि दोन वेगळ्या विद्या बांधल्या. विद्या किड्यात नव्हती, पाहणाऱ्यांत होती, याहून स्पष्ट साक्ष कोणती हवी?

अंगणातून रंगमंचावर

१९१० मध्ये शांघायमध्ये जिंगवू ही व्यायामसंस्था सुरू झाली. हुओ युआनजिया या नामवंत मल्लाचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. चीनला ‘आशियाचा आजारी माणूस’ म्हटले जाण्याचा तो काळ. घराण्याघराण्यांत दडलेल्या विद्या एका छताखाली आणाव्यात, कोणालाही शिकवाव्यात, छापाव्यात, हा जिंगवूचा कार्यक्रम होता. १९१९ मध्ये फान शूदोंगचा शिष्य लुओ ग्वांगयू शांदोंगहून तिथे शिक्षक म्हणून आला. जिंगवूच्या शाखा आग्नेय आशियातही निघाल्या आणि लुओचे शिष्य हाँगकाँगपर्यंत पोहोचले. त्यांच्यापैकी हुआंग हानशुन याने या विद्येवर पुस्तकांमागून पुस्तके लिहिली. जी विद्या शिष्याच्या कानात सांगत, ती छायाचित्रांसह दुकानात मिळू लागली.

१९२८ मध्ये नानजिंगला सरकारी राष्ट्रीय युद्धकला संस्था निघाली आणि १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी चिनी युद्धकलेच्या पथकाने जर्मनीत प्रात्यक्षिके केली. त्याच वर्षी त्याच शहरात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने आपले देशी खेळ दाखवले होते. दोन्ही पथकांना एकच गोष्ट सिद्ध करायची होती: आमच्याकडेही शरीराची विद्या आहे. त्यात अभिमान होता, आणि परक्या प्रेक्षकाची नजरही होती. दाखवण्यासाठी केलेली गोष्ट हळूहळू दाखवण्याजोगी होत जाते.

१९४९ नंतर चीनमध्ये युद्धकला हा गुण देऊन जोखण्याचा क्रीडाप्रकार झाला. प्राण्यांच्या नावाच्या विद्यांना ‘आकारानुकारी’ मुष्टी म्हणून एका वर्गात घातले गेले. परीक्षक खुर्चीवर दूर बसलेला. त्याला चिकटणे, बिलगणे दिसणार कसे? त्याला दिसते ती आकडी, थरथरणारी मान, फिरणारे डोळे. मग आकडी मोठी झाली, उड्या उंच झाल्या आणि कीटक पुन्हा किड्यासारखा दिसू लागला. यानताईच्या यू हाय याच्यासारख्या असामान्य खेळाडूने ही विद्या रंगमंचावर देखणी केली. १९८२ च्या ‘शाओलिन टेंपल’ चित्रपटातला गुरू म्हणून जगाने त्याला पाहिले. २००८ मध्ये चीन सरकारने लाययांगच्या तांगलांगला राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत घातले. त्याच वर्षी ‘कुंग फू पांडा’मध्ये जगभरच्या मुलांना एक बोलका प्रार्थनाकीटक भेटला.

यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. पुस्तक नसते तर पुष्कळ गेले असते, आणि रंगमंच नसता तर तरुण आले नसते. पण ज्याला आपण वारसा म्हणतो तो नेमका कशात आहे, हा प्रश्न राहतोच. मनगटाला मनगट लावून दोन माणसांनी वर्षानुवर्षे केलेल्या सरावात जे कातडीला कळते, ते छायाचित्रात येत नाही आणि गुणपत्रिकेत बसत नाही. कुस्ती मातीतून गादीवर आणि गादीवरून पडद्यावर जाताना आपल्यालाही हा प्रश्न पडलेला आहे.

जुन्या तांगलांग घराण्यांत एक पाठ देत असत: आठ जागी मारावे, आठ जागी मारू नये. भुवई, बरगड्या, गुडघा, नडगी अशा जागांवर मारले तर समोरचा दुखून थांबतो. कानशील, गळा, जांघ अशा जागांवर मारले तर तो मरू शकतो. कोणत्या जागा जीवघेण्या आहेत हे ज्याला शिकवायचे, त्यालाच त्या टाळायलाही शिकवायचे. कीटकाला असा पाठ नसतो. तो पकडतो ते खाण्यासाठी. रस्त्यावर माल सांभाळणाऱ्या रखवालदाराला मात्र उद्या त्याच रस्त्याने परत जायचे असे.

छीच्या राजाने रथ वळवला तो किड्याच्या ताकदीला भिऊन नाही. त्याला त्या उगारलेल्या पायांत काहीतरी दिसले. वांग लांग होता की नव्हता, हे आता कधी कळेल असे वाटत नाही. पण कोणीतरी, केव्हातरी, हरून घरी आल्यावर गवताची काडी हातात घेऊन एका किड्यासमोर बसले असणार. एक माणूस नसेल, दहा असतील, अठरा असतील. त्यांची नावे कागदावर नाहीत. त्यांनी जे पाहिले ते मात्र अजून हातांत आहे, जिथे दोन हात एकमेकांना लावून शिकणारे उरले आहेत तिथे.